कोल्हा आणि त्याचें चित्र

वाशीमच्या आसपासच्या शिवारांतून रात्रीं जो आवाज येतो, तो ओळखण्यास तेथील मुलाला कोणी शिकवावें लागत नाहीं. प्रथम एकच लांब सूर, मग त्याला मिळणारे दहा-पांच गळे, आणि मग एकाएकीं शांतता. ही कोल्हेकुई. तोच मुलगा दिवसा चित्रांचें पुस्तक उघडतो, तेव्हां 'कोल्हा' या शब्दाशेजारीं त्याला पुष्कळदां तांबड्या अंगाचा, झुबकेदार शेपटीचा आणि शेपटीच्या टोकाला पांढरा गोंडा असलेला एक देखणा प्राणी दिसतो. हा प्राणी वऱ्हाडांत नाहीं, पैनगंगेच्या कांठीं नाहीं, साऱ्या दक्षिणेंत कोठेंहि नाहीं. तो विलायतेच्या रानांतून आलेला आहे. मराठी शेतकऱ्याला कोल्हा निराळा आणि खोकड निराळें. कोल्हा करड्या-पिंगट रंगाचा, अंगानें कुत्र्याच्या जवळचा आणि गळ्यानें मोठा. खोकड लहान, सडपातळ, बिळांत राहणारें. इसापाच्या गोष्टींतल्या परदेशी खोकडाला भाषांतरकारांनीं 'कोल्हा' हें नांव दिलें, आणि पुढें चित्रकारांनीं नांवाकडे न पाहतां मूळ पुस्तकांतील अंग उचललें. नांव एकाचें आणि कातडें दुसऱ्याचें, असा हा संकर झाला. निळीच्या पिंपांत पडून रंग बदललेल्या कोल्ह्याची गोष्ट ज्या देशांत जन्मली, त्या देशांत कोल्ह्यालाच दुसऱ्यांदा रंग चढवला जावा, ही गंमतच म्हटली पाहिजे.

ही गोष्ट वाशीमच्या संदर्भांत सांगण्यास कारण आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इंग्रजी अमदानींत हा जिल्हा 'बासीम' या नांवानें ओळखला जाई; १९०५ सालीं तो अकोल्यांत विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां वेगळा झाला. परंतु राजधानी म्हणून या गांवाचा मान त्याहून फार जुना आहे. वाकाटकांच्या दोन शाखांपैकीं एक येथें नांदत होती. वाशीम येथें सांपडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं उजेडांत आला, आणि या शाखेच्या वंशक्रमावर निश्चित प्रकाश पडला. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन स्वतः प्राकृत कवि होता. 'हरिविजय' हें त्याचें काव्य जुन्या अलंकारशास्त्रज्ञांना परिचित होतें. राजशेखरानें तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मांत लावून दिला आहे. विदर्भाच्या रीतीला त्यानें 'वच्छोमी' म्हणजे वत्सगुल्माची असेंहि म्हटलें आहे. आजच्या वाशीमच्या बाजारांतून फिरणाऱ्यास याची आठवण करून देणारें फारसें कांहीं दिसत नाहीं, हा भाग निराळा.

या घराण्याचा शेवटचा मोठा राजा हरिषेण, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. त्याच्या वराहदेव नांवाच्या अमात्यानें अजिंठ्याचें १६ क्रमांकाचें लेणें कोरवून संघाला अर्पण केलें, आणि तेथील शिलालेखांत पहिल्या विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतची वंशावळ नोंदवून ठेवली. शेजारचें १७ क्रमांकाचें लेणें हरिषेणाच्या एका मांडलिकाचें. या दुसऱ्या लेण्याच्या भिंती म्हणजे चित्रांत सांगितलेल्या गोष्टींचें एक विशाल पुस्तकच आहे. तेथें सहा दांतांचा हत्ती आहे. आंधळ्या आईसाठीं अन्न सोडणारा हत्ती आहे. बुडत्याला वांचवणारा रुरु मृग आहे. स्वतःच्या देहाचा पूल करून कळपाला पार नेणारा वानरराज आहे. हंस आहेत, मासे आहेत. पाहणारा भिंतीजवळून चालत जातो आणि कथा पुढें सरकते. पान उलटण्याऐवजीं पाऊल टाकावयाचें, एवढाच काय तो फरक.

मात्र या भिंतींकडे बारकाईनें पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. येथील जनावरें बहुतेक उदार आहेत, लबाड नाहींत. देह देणारीं, क्षमा करणारीं, उपकार न विसरणारीं अशीं हीं जनावरें बोधिसत्त्वाचे पूर्वजन्म आहेत. खोडकर म्हणावें असें एक माकड मात्र तेथें आहे. महिषजातकांतलें हें माकड सोशिक रानरेड्याच्या पाठीवर बसतें आणि त्याचे डोळे झांकतें. रेडा सहन करतो. पुढें तेंच माकड भलत्याच रेड्याच्या पाठीवर चढतें आणि प्राणास मुकतें. चित्रकाराचें मन रेड्याच्या क्षमेपाशीं असावें अशी अपेक्षा; पण भिंतीसमोर उभ्या राहणाऱ्या लहान मुलाची नजर कोणाकडे जात असेल, हें सांगावयास पंडित नको.

धूर्त जनावराचें चित्र काढण्याची रीत त्याहूनहि जुनी आहे. मध्य हिंदुस्थानांतील भारहुतच्या स्तूपाचे कठडे इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतले. त्यांचे अवशेष कलकत्त्याच्या वस्तुसंग्रहालयांत आहेत. त्यांवर एका ठिकाणीं झाडावर कोंबडा आणि खालीं मांजर कोरलेलें आहे. मांजर कोंबड्याला म्हणते, मी तुझी बायको होतें, खालीं ये. कोंबडा येत नाहीं. शिल्पावर ब्राह्मी अक्षरांत गोष्टीचें नांवहि दिलेलें आहे, आणि तें दुहेरी आहे: बिडाल-जातक, कुक्कुट-जातक. ही मांजराची गोष्ट कीं कोंबड्याची, हा प्रश्न कोरणाऱ्यानें पाहणाऱ्यावरच सोपवला. चित्र, त्याखालीं चार शब्द, आणि निवाडा वाचणाऱ्याकडे: मुलांच्या सचित्र पुस्तकाचा हा नमुना दोन हजार वर्षांपूर्वींचा आहे.

ज्या ग्रंथांत लबाडीला राज्यशास्त्राचें आसन मिळालें, तो पंचतंत्र. त्याची चौकट दक्षिणेंतली आहे: दाक्षिणात्य जनपदांतलें महिलारोप्य नगर, तेथला अमरशक्ति राजा, त्याचे तीन मठ्ठ मुलगे, आणि सहा महिन्यांत त्यांना नीति शिकवण्याची पैज घेणारा विष्णुशर्मा. राजपुत्रांचीं नांवेंहि शक्ति-पदानें संपणारीं आहेत, आणि वाकाटकांचा मूळ पुरुष विंध्यशक्ति. पण एवढ्या धाग्यावर वस्त्र विणणें धाडसाचें होईल. निश्चित तें इतकेंच, कीं सहाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे हरिषेणानंतर शंभर वर्षांच्या आंत, इराणच्या दरबारांतून आलेल्या बुर्झोय नांवाच्या वैद्यानें हा ग्रंथ पहलवी भाषेंत नेला. तेथून तो सुरियानींत आणि आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फाच्या हातून अरबींत गेला. करटक व दमनक हे दोन कोल्हे तेथें 'कलीला' आणि 'दिम्ना' झाले, आणि ग्रंथालाच त्यांचें नांव मिळालें. या अरबी लेखकानें प्रस्तावनेंत एक विलक्षण गोष्ट नमूद केली आहे: जनावरांच्या तोंडीं गोष्टी घातल्या त्या तरुणांचें मन ओढण्यासाठीं, आणि नाना रंगांतलीं चित्रें घालावयाचीं तीं राजांच्या मनोरंजनासाठीं. म्हणजे चित्र हें गोष्टीचें अंगच आहे, असें तो आठव्या शतकांत सांगत होता. तेराव्या शतकापासूनच्या सचित्र अरबी प्रती उपलब्ध आहेत. अकबराच्या चित्रशाळेनें याच कथांचा फारसी अवतार, 'अन्वार-इ-सुहैली', १५७० सालीं रंगवला. ती प्रत लंडनमध्यें आहे. कोल्हा विदेशांत रंगीत झाला आणि रंगीत होऊनच घरीं परतला.

या कोल्ह्यांपैकीं दमनकाकडे नीट पाहिलें पाहिजे, कारण मुलांच्या पुस्तकांतून जो गाळला जातो तो हाच. सिंह पिंगलक आणि बैल संजीवक यांची मैत्री जुळवणारा दमनक. तीच मैत्री आपल्याला अडचणीची होतांच दोघांचे कान भरून ती तोडणाराहि दमनक. शेवटीं सिंहाच्या हातून बैल मरतो. आणि दमनकाचें काय होतें? त्याला शिक्षा होत नाहीं. तो मंत्री होतो आणि सुखानें राहतो. अरबी लेखकाला हें इतकें असह्य झालें कीं त्यानें दिम्नाची चौकशी आणि शिक्षा यांचें एक नवें प्रकरण जोडून टाकलें. विष्णुशर्म्याला तशी गरज वाटली नव्हती. त्याच्या समोर बसलेलीं मुलें राज्य करणार होतीं, आणि दमनक कसा दिसतो हें त्यांना ठाऊक असणें दमनकाच्या शिक्षेपेक्षां अधिक अगत्याचें होतें.

हें अगत्य किति खरें होतें, याचा दाखला विदर्भाच्याच इतिहासांत सांपडतो. दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील विश्रुताची कथा विदर्भाच्या राजघराण्याची आहे. पुण्यवर्मा हा गुणी राजा वारतो. त्याचा मुलगा अनंतवर्मा कलांमध्यें निपुण, परंतु दंडनीतीचा कंटाळा करणारा. वसुरक्षित नांवाचा वृद्ध मंत्री त्याला उपदेश करतो. मग विहारभद्र नांवाचा लाडका खुषमस्कऱ्या येतो आणि मंत्र्याच्या उपदेशाची अशी काहीं थट्टा उडवतो, कीं राजा त्याचाच होऊन जातो. एवढ्यांत अश्मक देशाच्या मंत्र्याचा मुलगा, बापानें हांकलून दिल्याचें सोंग घेऊन, विदर्भाच्या दरबारांत शिरतो. मृगया चांगली, द्यूत चांगलें, मद्यहि चांगलें, असें प्रत्येक व्यसनाचें शास्त्रशुद्ध समर्थन तो करीत जातो. राज्य पोखरलें जातें, शत्रु चालून येतो, मांडलिक उलटतात, राजा मारला जातो आणि राणी मुलांना घेऊन पळते. आणि लुटीच्या वांटणींत मांडलिकांना एकमेकांशीं झुंजवून अश्मकराजा सारेंच घशांत घालतो. वा. वि. मिराशी यांनीं असें प्रतिपादन केलें कीं ही कथा कल्पित नसून हरिषेणानंतर वत्सगुल्माच्या राज्याचा जो नाश झाला, त्याचीच ती आठवण आहे. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण. हें मत मान्य केलें तर वाशीमचें राज्य बुडालें तें पंचतंत्राच्या दोन पानांवर. विहारभद्र हा दमनक, आणि हांकलून दिल्याचें सोंग घेणारा तो तरुण म्हणजे घुबडांच्या गुहेंत पंख उपटून घेऊन शिरलेला कावळ्यांचा मंत्री स्थिरजीवी. फरक इतकाच कीं अनंतवर्म्याला कोणी ही गोष्ट वेळेवर सांगितली नाहीं, किंवा सांगितली ती त्यानें करमणूक म्हणून ऐकली.

मराठींत हीं जनावरें दोन वाटांनीं आलीं. एक वाट तोंडी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वऱ्हाडांतील ऋद्धिपूर येथें म्हाइंभटानें रचलेल्या 'लीळाचरित्रां'त शेणाच्या व मेणाच्या घरांची पांखरांची गोष्ट सांपडते. आजहि घरोघरीं तिच्यावर मुलें जेवतात. भोपळ्यांत बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी वाघाला आणि कोल्ह्याला फसवते, तीहि याच वाटेवरची. वाशीम जिल्ह्यांत या वाटेला मराठीखेरीज दुसऱ्या बोलींचेहि फांटे आहेत. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें तर बंजारा समाजाचें सर्वांत मोठें तीर्थ. दुसरी वाट छापखान्याची. तंजावरच्या सरफोजी राजानें एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर, 'बालबोध मुक्तावली', छापवलें. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनीं १८१५ सालीं 'हितोपदेश' मराठींत काढला. मुंबईस १८२२ सालीं 'पंचोपाख्यान' निघालें, आणि १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'इसापनीतिकथा'. येथें गोष्टीला शेंडी फुटली: 'तात्पर्य'. पंचतंत्रांत नीतीचे श्लोक जनावरें स्वतः म्हणतात, आणि दोन्ही पक्षांची जनावरें म्हणतात. खाणाराहि श्लोक म्हणतो आणि खाल्ला जाणाराहि. ऐकणाऱ्यास निवड करावी लागे. शाळेच्या पुस्तकांत ती निवड पानाच्या तळाशीं छापून आली. भारहुतच्या कोरणाऱ्यानें जें मोकळें ठेवलें, तें पंतोजींनीं बंद केलें.

चित्रें उशिरां आलीं, आणि दख्खनच्या गोष्टींपुरतें बोलावयाचें तर तीं प्रथम इंग्रजींतून आलीं. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांची कन्या मेरी ही १८६५-६६ च्या हिंवाळ्यांत बापाबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर होती. बरोबर ॲना लिबराता डिसूझा नांवाची आया होती. तिनें आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या, आणि त्यांचें पुस्तक, 'ओल्ड डेक्कन डेज', १८६८ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत मेरीच्या बहिणीनें काढलेलीं चित्रें होतीं. ॲनाच्या गोष्टींतला कोल्हा पाहण्यासारखा आहे. पंचतंत्रांत सिंहाला विहिरींत त्याचेंच प्रतिबिंब दाखवून बुडवतो तो ससा. ॲनाच्या गोष्टींत तें काम एक कोल्हा आणि कोल्हीण मिळून करतात. पिंजऱ्यांतून सोडवलेला वाघ ब्राह्मणावरच उलटतो, तेव्हां न समजल्याचें सोंग करून त्याला पुन्हां पिंजऱ्यांत घालणाराहि कोल्हाच. हा दमनक नव्हे. हा दुबळ्यांच्या बाजूचा धूर्त आहे. दरबारांत लिहिलेल्या ग्रंथांत कोल्हा राजाच्या कानाशीं लागतो. आजीच्या तोंडीं तोच कोल्हा राजाला विहिरींत लोटतो. तो कोणाच्या घरीं वाढला, यावर त्याची लबाडी कोणाच्या कामीं येते हें ठरलें. ही गोष्ट ॲनानें कोठें सिद्धांत म्हणून मांडली नाहीं. परंतु म्हाताऱ्या माणसांचें मन आतां गोष्टींत राहिलें नाहीं, पैशांत गेलें, अशी तक्रार मात्र तिनें नोंदवून ठेवली आहे. १८६८ सालीं!

मराठी बालवाङ्मयाच्या पुढच्या पायऱ्या परिचयाच्या आहेत. विनायक कोंडदेव ओक यांचें 'बालबोध' १८८१ सालीं, वासुदेव गोविंद आपटे यांचें 'आनंद' १९०६ सालीं. स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून मराठी 'चांदोबा', जो पुढें सहा दशकें खेड्यापाड्यांतून वाचला गेला. १९६७ पासून अनंत पै यांची 'अमर चित्रकथा', जिनें पंचतंत्र व जातकें चौकटींच्या चित्रांत बसवलीं. नॅशनल बुक ट्रस्टचीं स्वस्त सचित्र पुस्तकें. आणि २०१५ पासून प्रथम बुक्सचा 'स्टोरीवीव्हर', ज्यावर एकच चित्रकथा अनेक भाषांत व बोलींत उतरवतां येते. चित्रें सुधारलीं, छपाई सुधारली, किंमत उतरली. एवढें मोठें काम झाल्यावर दोष काढणें सोपें असतें. परंतु दोन गोष्टी नोंदवल्याच पाहिजेत.

पहिली ही, कीं चौकट गेली. चित्रांच्या पुस्तकाला सोळा किंवा चोवीस पानें. त्यांत एक गोष्ट मावते, गोष्टींतली गोष्ट मावत नाहीं. म्हणून ससा राहिला, माकड आणि मगर राहिली, बोलल्यामुळें आकाशांतून पडलेला कांसव राहिला; आणि ज्यांच्या तोंडीं अनेक गोष्टी होत्या ते करटक-दमनक बाहेर पडले. सशाची गोष्ट कोण कोणाला कोणत्या हेतूनें सांगत आहे, हा प्रश्नच मुलापुढें येत नाहीं. मूळ ग्रंथांत गोष्ट हेंच फसवणुकीचें मुख्य हत्यार आहे. दमनक सिंहाला फसवतो तो गोष्टी सांगून. गोड गोष्ट सांगणाराच लबाड असूं शकतो, ही ओळख करून देणारें पान चित्रकथेंत अद्याप फारसें काढलेलें दिसत नाहीं. तें काढणें अवघड आहे हें खरें, पण अशक्य नाहीं. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं एकाच भिंतीवर सांगणारा, ऐकणारा आणि सांगितलेली हकीकत हीं तिन्ही दाखवलीं आहेत.

दुसरी गोष्ट रूपाची. शब्दांत 'कोल्हा' म्हटलें कीं ऐकणारें मूल आपल्या शिवारांतला कोल्हा मनांत उभा करतें. चित्रानें तें स्वातंत्र्य काढून घेतलें, आणि म्हणून चित्रकारावर जबाबदारी आली. तो जर परक्या प्राण्याचें चित्र काढील, तर वाशीमच्या मुलाला गोष्ट दूरच्या देशांतली वाटते आणि बांधावरून गेलेला खरा कोल्हा बिननांवाचा राहतो. कांहीं चित्रकारांनीं हें ओळखलें आहे. त्यांचा कोल्हा करडा, लांब पायांचा, किंचित् खांदे पाडून चालणारा असतो, आणि त्याच्या मागें तुरीचें किंवा ज्वारीचें शेत असतें. अशा पुस्तकाचें पान उघडलें कीं मूल चित्राकडे बोट दाखवून आपण त्याला कोठें पाहिलें तें सांगूं लागतें, आणि गोष्ट क्षणभर थांबते.

निळ्या कोल्ह्याच्या गोष्टींत तर चित्रकाराची खरी परीक्षा आहे. कुत्र्यांच्या भीतीनें पळत सुटलेला चंडरव निळीच्या पिंपांत पडतो, निळा होऊन रानांत जातो, आणि ब्रह्मदेवानें धाडलेला राजा म्हणून सिंह-वाघांवर हुकूम चालवतो. इथपर्यंत गोष्ट रंगाची आहे. चित्रकाराच्या कुंचल्याला याहून सोयीचा विषय नाहीं. परंतु शेवट रंगाचा नाहीं. दूरवर आपल्या जातीचे कोल्हे ओरडतात, चंडरवाच्या अंगावर कांटा उभा राहतो, डोळ्यांत पाणी येतें, आणि त्याला स्वतःला आवरत नाहीं. ज्या कोल्ह्यांना त्यानेंच राज्याबाहेर हांकलून दिलें होतें, त्यांच्या सुरांत तो सूर मिळवतो. एवढ्यावर सिंह-वाघ त्याला ओळखतात, आणि त्याचें राज्य व प्राण दोन्ही जातात. पानावर मान वर केलेला, तोंड उघडलेला निळा कोल्हा दिसतो. आवाज मात्र पुस्तक वाचून दाखवणाऱ्यालाच काढावा लागतो. आणि वाशीमकडच्या मुलापुढें तो चुकीचा काढला, तर तें मूल लगेच थांबवून बरोबर कसा तो काढून दाखवतें.